दुष्काळात मदत केव्हा व कोणत्या रूपाने पोचावी : मंडईतील सभेत झालेले भाषण

अध्यक्षमहाराज, मंडईतील व्यापारी बंधूंनो, जमीनदार मंडळी, भगिनींनो, आणि समितीच्या वहीत आजवर ज्यांनी नाव न लिहिता केवळ रक्कम लिहिली असे दातेहो,

ज्या जागी आपण जमलो आहोत तिच्याविषयी दोन शब्द बोलून मग विषयाकडे वळण्याची परवानगी असावी. ही इमारत १८८६ साली बांधून पुरी झाली, तेव्हा तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव देण्यात आले होते. जोतीराव फुले नगरपालिकेचे सभासद असताना त्यांनी बाजाराच्या इमारतीवर इतका खर्च करण्यास विरोध केला होता. तो पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे जावा असे त्यांचे म्हणणे होते. पुढे आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने याच बाजाराला महात्मा फुले यांचे नाव मिळाले. आवारात लोकमान्य टिळकांचा पुतळा आहे. त्याचे अनावरण १९२४ साली पंडित मोतीलाल नेहरू यांच्या हस्ते झाले. या दोन पुरुषांची मते किती विषयांत एकमेकांच्या विरुद्ध होती, हे पुणेकरांस सांगावयास नको. तथापि दुष्काळाच्या प्रसंगी दोघांनी केलेले काम शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे.

१८७६-७७ च्या भयंकर दुष्काळात जोतीरावांनी व सत्यशोधक समाजाने धनकवडी येथे अनाथ मुलांसाठी अन्नछत्र व आश्रम चालविला, आणि मे १८७७ मध्ये त्याच्या साह्यार्थ लोकांस उद्देशून पत्रक काढले. सावित्रीबाई त्या वेळी जुन्नर तालुक्यात ओतूरकडे काम पाहत होत्या. एप्रिल १८७७ मध्ये तेथून त्यांनी जोतीरावांस लिहिलेले पत्र आजही वाचावयास मिळते. पुढे १८९६-९७ साली पाऊस पुन्हा फसला. तेव्हा टिळकांनी पुण्यात स्वस्त धान्याची दुकाने उघडविली, आणि सोलापुरास जाऊन तेथील विणकरांना त्यांच्या मागावरच काम मिळावे अशी योजना स्थानिक व्यापाऱ्यांच्या विचाराने आखली. सरकारने ती स्वीकारली नाही, ही गोष्ट निराळी. विणकर खडी फोडावयास गेला तर त्याचा हात जातो आणि दुष्काळ सरल्यावर त्याचा धंदाही जातो. म्हणून दुष्काळातही त्यास विणकरच राहू द्यावे, हे तिच्या मुळाशी होते. आज मला जे सांगावयाचे आहे, ते बहुतेक याच जातीचे आहे. शेतकऱ्यास दुष्काळातही शेतकरी राहू द्यावे. आणि तसे राहू द्यावयाचे असेल तर आपली मदत आजवर पोचते त्यापेक्षा चार-पाच महिने आधी पोचली पाहिजे.

पावसाचे मान पाहिले तर आपला जिल्हा विलक्षण आहे. लोणावळ्यास वर्षाला चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. सह्याद्रीची रांग ओलांडून पूर्वेस बारामती-इंदापुराकडे गेले की तो पाचशेच्या आसपास येतो. त्या पूर्व भागाचे मुख्य पीक रब्बीची ज्वारी, आणि तिची सारी भिस्त भाद्रपद-आश्विनातल्या पावसावर. उत्तरा आणि हस्त ही दोन नक्षत्रे कोरडी गेली की शहाणा कुणबी समजून चुकतो. वर्तमानपत्रांत दुष्काळाची बातमी मात्र येते फाल्गुन-चैत्रात, विहिरी आटल्यावर आणि टँकर सुरू झाल्यावर. मधल्या पाच महिन्यांत त्या घरात काय घडते, ते कोणी छापत नाही.

ते क्रमाने घडते. आधी शेरडे-करडे विकली जातात. त्याचे दुःख फारसे होत नाही, कारण ती विकण्यासाठीच पाळलेली असतात. मग सोसायटीचे कर्ज असूनही सावकाराकडे जाणे होते. मग बायकोच्या अंगावरचा दागिना, आणि मग दावणीची जनावरे. गावातले प्रत्येक घर त्याच आठवड्यात जनावर बाजारात नेते, म्हणून भाव कोसळतो. आणि पुढच्या मृगाआधी प्रत्येक घर बैल शोधावयास निघते, म्हणून तो चढतो. ज्याने बैल अर्ध्या किमतीत विकला त्यास तो पुरी किंमत देऊनही मिळत नाही. मग भाड्याच्या ट्रॅक्टरची वाट पाहात वाफसा निघून जातो, पेरणी मागे पडते, आणि पाऊस उत्तम पडूनही ते घर दुसऱ्या वर्षी दुष्काळातच राहते. दुभत्या गाईचेही तसेच; तिच्याबरोबर रोजच्या दुधाचा पैसाही जातो. असे वर्ष एका हंगामाचे नसून दोन-तीन हंगामांचे असते, आणि त्याचा निकाल पाऊस नसण्याने जितका लागतो तितकाच दिवाळी ते होळी या काळात दावणीला काय उरले यावर लागतो.

येथे समितीची एक चूक सांगितली पाहिजे. हे भाषण अहवालात छापले जाणार असेल तर तीही छापावी. २०१३ च्या उन्हाळ्यात आम्ही काहीजण बारामती तालुक्याच्या जिरायत भागातील एका गावी मालमोटार घेऊन गेलो. मोटारीत धान्य होते, बिस्किटांचे पुडे होते, आणि पुण्यातील घराघरांतून गोळा केलेले जुने कपडे होते. मारुतीच्या पारावर वाटप झाले. एका म्हातारबाईंनी दोन लुगडी उलटसुलट पाहून परत ठेवली आणि विचारले, “बाबा, कापडं आमास्नी हायती. वैरण आणलीया का?” आम्ही वैरण आणली नव्हती. त्यांच्या दावणीला एकच गाय उरली होती. दोन बैल पौषातच बाजारात गेले होते. आम्ही वैशाखात गेलो होतो. परतीच्या वाटेवर कोणी फारसे बोलले नाही. गावाने आमचा चहा देऊन सत्कार केला, हे सांगावयास आजही संकोच वाटतो.

जेथे आकाशाचा भरवसा नाही तेथील लोकांनी आपापल्या परीने काय उपाय काढले, हे पाहिले तर बहुतेक ठिकाणी एकच सूत्र दिसते : संकटाआधी ठरवून ठेवणे. आमच्याच बारामती-फलटणकडील धनगर घ्या. दसरा झाला की ते मेंढरांसह घाट उतरून कोकणात जातात, तेथील रिकाम्या शेतांत कळप बसवितात, खताच्या मोबदल्यात धान्य घेतात, आणि पावसाच्या तोंडाशी परत येतात. देशावर पाणी नाही म्हणून ते निघत नाहीत. पाणी संपण्याच्या आधी निघतात. जैसलमेरकडे पालिवालांनी खडीन बांधले : खडकाळ माळावरून वाहून येणारे पावसाचे पाणी मातीच्या लांब बांधाने अडवावयाचे, ते जिरले की त्याच ओलीवर गहू-हरभरा काढावयाचा. तेथील घरोघरचे टांके हा पिण्याच्या पाण्याचा साठा. इतक्या अल्प पावसावर माणसे शतकानुशतके तेथे राहिली, ती या तजविजीमुळे.

धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठची फड पद्धत मला सर्वांत बोधप्रद वाटते. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालची जमीन तीन-चार फडांत विभागलेली. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे. पाणी कमी पडणार असे दिसले की एखादा फड त्या वर्षी कोरडा ठेवावयाचा. बहुतेकांची थोडीथोडी जमीन प्रत्येक फडात असल्यामुळे टंचाई सर्वांच्या वाट्याला सारखी येते. पाणी वाटणारा पाटकरी गावाने नेमलेला असतो. बलिष्ठाने वरच्या अंगास पाणी तोडून घ्यावे आणि दुबळ्याने खाली बसून आभाळाकडे पाहावे, हा प्रकार तेथे रचनेनेच कठीण केला आहे. पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी १९७४ च्या सुमारास पाणी पंचायतीचा जो प्रयोग केला तो याच्याही पुढे गेला. पाणी जमिनीच्या एकरांवर न देता माणशी द्यावयाचे, भूमिहीनालाही हिस्सा ठेवावयाचा, आणि त्या पाण्यावर ऊस लावावयाचा नाही. १९७२ च्या दुष्काळातून उठलेल्या तालुक्यात हा विचार रुजला, हे लक्षात घ्यावे.

उपाय केवळ अवर्षणावरच चालतो असेही नाही. १९९९ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर महाचक्रीवादळ आले त्यात सुमारे दहा हजार माणसे दगावली. २०१३ साली त्याच किनाऱ्यावर फायलीन हे तसेच प्रचंड वादळ आदळले, आणि मृतांची संख्या शंभराच्याही आत राहिली. कारण मधल्या काळात निवारे बांधले गेले होते, गावोगाव स्वयंसेवक तयार झाले होते, आणि वादळ येण्यापूर्वी सुमारे दहा लाख लोकांस हलविण्यात आले. समुद्र तोच होता, वाराही जवळजवळ तोच.

आपल्या इतिहासातील दोन दुष्काळ असेच एकमेकांसमोर ठेवता येतात. १८७६-७८ च्या दुष्काळात दख्खन, म्हैसूर, मद्रास, हैदराबाद मिळून पन्नास लाखांहून अधिक माणसे मेली असे मानतात. त्या काळात बाजारात धान्य मुळीच नव्हते असे नाही. आगगाडीने ते येत-जात होते. शेतातले काम बंद पडल्यामुळे मजुराच्या हातात ते विकत घेण्यास पैसा नव्हता. १८८० च्या दुष्काळ आयोगानेही ही गोष्ट ओळखली. सरकारी कामे निघाली खरी, परंतु सर रिचर्ड टेंपल यांनी मजुराला दिवसास एक पौंड धान्य व वर थोडे पैसे पुरेत असे ठरविले, तेव्हा हजारो मजूर कामे सोडून निघून गेले. सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेऊन सरकारकडे पत्रांमागून पत्रे धाडली, गावोगावची माहिती जमवून ती छापली. पुण्याच्या नागरिकांनी दुष्काळाचे आकडे मांडून सरकारशी वाद घालावा, ही गोष्ट त्या काळी नवीनच होती.

१९७०-७३ या सालांत महाराष्ट्रात पाऊस लागोपाठ फसला. धान्याचे उत्पादन फार घटले, परंतु १८७७ सारखा मृत्यूचा हाहाकार झाला नाही. १९७३ च्या मे महिन्यात दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या पन्नास लाखांच्या घरात गेली होती. रस्ते, पाझर तलाव, नाला-बांध, ताली यांवर माणसे राबली आणि आठवड्याला पगार मिळाला. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना कामावर मिळणारी सुकडी आणि रेशनचा तांबडा मिलो आठवत असेल. मिलोची भाकरी कोणाला आवडली असे मी ऐकलेले नाही, पण तिने माणसे जगविली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेल्या रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला व २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. तिच्या खर्चासाठी १९७५ साली व्यवसाय कर बसला. तेव्हा व्यापारी बंधूंनो, दुकानाच्या गल्ल्यातून हा कर भरताना आपण जे पुटपुटत असाल ते पुटपुटा. परंतु त्याच्या मुळाशी ही दुष्काळी मजुरी आहे, एवढे ध्यानात असू द्या.

जमीनदार मंडळींसाठीही तशीच एक आठवण. नीरेच्या डाव्या कालव्याचे काम १८७६ च्या दुष्काळात मजुरांना काम देण्याच्या निमित्ताने सुरू झाले. पुढे भाटघरचे धरण झाले आणि बारामती-इंदापूरची बागायत उभी राहिली. दौंड-मनमाड लोहमार्गावरही त्याच दुष्काळातील मजूर राबले. आज कालव्याच्या अलीकडे ऊस डोलतो आणि पलीकडे, पाणी चढत नाही अशा माळावर, मटकी-बाजरी करपते. ज्यांच्या हातांनी ती माती उपसली त्यांच्यापैकी कित्येकांची नातवंडे-पतवंडे पलीकडच्याच अंगास राहिली असतील. हा दोषारोप नव्हे. पुढे जी मागणी करणार आहे तिला हा आधार पुरेसा आहे, असे मला वाटते.

कोणी म्हणेल की आता धरणे आहेत, रेल्वे आहे, सरकार आहे. आहेत, आणि म्हणूनच माणसे मरत नाहीत. तरी २०१६ च्या एप्रिलात लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी न्यावे लागले. २०२३ च्या ऑक्टोबरात राज्यशासनाने चाळीस तालुके दुष्काळी जाहीर केले, त्यांत पुरंदर, बारामती, दौंड, इंदापूर व शिरूर हे आपल्या जिल्ह्यातील तालुके होते. आणि २०२५ च्या सप्टेंबरात ज्या मराठवाड्याने टँकर मोजले होते त्याच मराठवाड्यात, आणि सीनेच्या काठी सोलापूर जिल्ह्यात, पुराने उभी पिके आणि खालची मातीसुद्धा वाहून नेली. त्याही वेळी गावकऱ्यांचा पहिला प्रश्न जनावरांच्या चाऱ्याचा होता. पुणेकरांस हे समजणे कठीण नाही. १२ जुलै १९६१ चे पाणी ज्या घरांत शिरले ती घरे अजून या पेठांतून आहेत.

आता मागणी. समितीने यापुढे निधीचा मोठा भाग वैरणीसाठी राखून ठेवावा, आणि तो हस्त नक्षत्र संपताच खर्चावयास घ्यावा, असा आमचा विचार आहे. त्या वेळी मागील सालच्या कडब्याच्या गंजी शिल्लक असतात आणि भाव अजून चढलेला नसतो. एका बैलास दिवसाला चार-पाच पेंढ्या धरल्या तर सहा महिन्यांस सातशे ते नऊशे पेंढ्या लागतात. पेंढी लहानमोठी असते, हे येथे बसलेल्या कडबेवाल्यांस मी सांगावे असे नाही. हा कडबा गावातच साठवावा, गरजू घरास खरेदीच्या भावाने उधारीवर द्यावा, आणि पुढील सुगीला पैशाने किंवा कडब्यानेच फेडून घ्यावा. फुकट वाटू नये असे आमच्यापैकी बहुतेकांचे मत आहे. ज्यास घेणे अपमानाचे वाटते तो उधार घेईल, आणि फिरलेला निधी पुढच्या वर्षी पुन्हा उपयोगी पडेल. काही बुडेल, तेवढे बुडीत धरूनच चालू. जे घर खरोखर फेडू शकणार नाही, विधवेचे किंवा आजाऱ्याचे, त्यास माफी द्यावी; परंतु ते गावातील पंचांनी ठरवावे, पुण्यातून आम्ही ठरवू नये.

छावणी हा दुसरा मार्ग, आणि मोठ्या दुष्काळात तो टळत नाही. माण तालुक्यात म्हसवड येथे माणदेशी फाउंडेशनने २०१२-१३ साली चालविलेल्या छावणीने हजारो जनावरे वाचविली. परंतु छावणीत जनावरांमागे घर दुभंगते; कोणी तेथे मुक्कामास राहतो, कोणी गावी, आणि पोरांची शाळा मध्येच अडकते. वैरण दावणीपर्यंत गेली तर घर घरातच राहते. बीडकडून ऊसतोडीला निघणाऱ्या कोयत्यांची गोष्टही येथे आठवते. मुकादमाची उचल आधीच अंगावर असते. दुष्काळ पडला की ती वाढते आणि लेकरे उसाच्या फडात वाढतात.

व्यापारी बंधूंकडे रोकडीशिवाय आणखी एक मागणे आहे. घाऊक बाजार गुलटेकडीस गेला तरी मंडईतील कित्येक घराण्यांचा आडतीचा व्यवहार तेथे आहे. शेतकरी आपल्याकडून हंगामाआधी उचल घेतो आणि आपण ती त्याच्या पट्टीतून वळती करून घेता. ही रीत जुनी व रास्त आहे. परंतु शासनाने ज्या तालुक्यात दुष्काळ जाहीर केला असेल तेथील शेतकऱ्याची मागील उचल त्या एका वर्षी पट्टीतून कापू नये, पुढील दोन हंगामांवर ढकलावी. आपले गिऱ्हाईक जगले तर आपला गाळा चालेल. हे धर्मकार्य म्हणून सांगत नसून व्यवहार म्हणून सांगत आहे. सरकी पेंड व भुसा यांचे व्यापारी येथे आहेत, त्यांनी समितीस खरेदीच्या भावाने माल द्यावा. हमाल बांधवांनी तो विनामजुरी भरून देण्याचे सभेपूर्वीच कबूल केले आहे. ज्यांच्या मजुरीवर घर चालते त्यांनी पहिली देणगी दिली, याची नोंद अहवालात आरंभीच व्हावी.

जमीनदार मंडळींनी दोन गोष्टी कराव्यात. ऊसतोडीच्या वेळी वाढे विकण्यापूर्वी शेजारच्या जिरायत गावांस विचारावे आणि समितीची गाडी येईपर्यंत ते राखून ठेवावेत. आणि ज्यांनी जमीन खंडाने लावली आहे त्यांनी दुष्काळी वर्षाचा खंड सोडावा. विहिरीच्या पाण्याविषयी मी बोलणार नाही. तो प्रश्न एका भाषणाने सुटण्यासारखा नाही, आणि पाणी पंचायतीचा दाखला वर दिलाच आहे.

जुने कपडे आता आणू नयेत, अशी मात्र स्पष्ट विनंती आहे. सभा संपल्यावर चिटणीस टिळकांच्या पुतळ्याजवळ वही घेऊन बसतील. रक्कम लहान असो वा मोठी, छापील पावती मागून घ्यावी. वैरण कोणत्या गावी किती गेली आणि किती फेडून आली, याचा तक्ता गुढीपाडव्यापूर्वी या इमारतीच्या दर्शनी भिंतीवर लावण्यात येईल. ज्यांना रोकड देता येत नाही परंतु टेंपो आहे, त्यांनी गाडीचा नंबर आणि आठवड्यातील रिकामा दिवस वहीच्या शेवटच्या पानावर लिहावा. पहिली फेरी पुरंदरास जावयाची आहे.